कधीच न भरणारी डबी

रविवारी दुपारी साडेबारा वाजता दिग्रसच्या एका मंगल कार्यालयात डोमाजी गावंडे यांचा फोन सगळ्यांच्या देखत रिकामा करण्यात आला.

सकाळपासून त्या फोनला वायर लावलेली होती. नातवंडांचे वाढदिवस, मुलीची पाठवणी, जिनिंगमधल्या रुईचे नमुने, विकलेल्या बैलजोडीचा शेवटचा फोटो, असा कितीतरी वर्षांचा ऐवज त्यातून निघून काड्यापेटीएवढ्या एका काळ्या डबीत उतरत होता. उतरून झाल्यावर सगळा हॉल एका चालीत 'मोकळे व्हा, मोकळे व्हा' म्हणू लागला, तेव्हा मंचावरच्या माणसाने डोमाजींचा हात हातात घेतला, त्यांचंच बोट फोनवर टेकवलं आणि 'सगळं पुसा' या अक्षरांवर दाबलं. मोठ्या पडद्यावर फोनची गच्च भरलेली लाल पट्टी पांढरी झाली. हॉल टाळ्यांनी दणाणला. मागच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी हात जोडले.

"कसं वाटून राह्यलं, डोमाजी?" मंचावरच्या माणसाने विचारलं.

"हलकं," डोमाजी म्हणाले.

मंचावरचा माणूस म्हणजे भांडारगुरू. पांढरा रेशमी झब्बा, गळ्यात स्फटिकाची माळ, कॉलरला माइक. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि उरलेलं कोणत्याच भाषेत नसलेलं. एरवी तो मोबाइलवरच असे. रोज संध्याकाळी लाइव्ह यायचा, 'अक्षय डबी'चा महिमा सांगायचा, खाली खरेदीची लिंक असायची आणि डबी कुरियरने घरी यायची. आता तालुक्यातालुक्यात एजंट नेमायचे म्हणून तो स्वतः फिरायला निघाला होता. समोर एक फोन स्टँडवर लावलेला, त्यावर त्याचं लाइव्ह चालू होतं. उमरखेडपासून दारव्ह्यापर्यंतचे भक्त घरबसल्या हात जोडत होते.

"सोळा टीबी," गुरू म्हणाला. "टीबी ऐकून खोकू नका, हा तो टीबी नव्हे. ही जागा आहे. कंपनीची डिस्क भरते. का भरते? कारण कंपनीचं पोट भरत नाही. आपली डबी का भरत नाही? कारण तिला घ्यायची वासनाच नाही. ती फक्त सामावते. डोमाजींचा अख्खा संसार आत गेला. पट्टी हलली का? केसभर तरी हलली का?"

पट्टी हललेली नव्हती.

डबीचे नेम तीन होते आणि गुरू ते प्रत्येक सभेत सांगे. सर्वांत आधी डबीत मंगल फाइल घालायची, म्हणजे तेवत्या समईचा गुरूने दिलेला व्हिडिओ. मग आपला फोन, आपलं कॉम्प्युटर, जे असेल ते डबीत ओतायचं आणि मूळ जागा पुसून टाकायची. याला तो मोकळीक म्हणे. तिसरा नेम असा की डबी जागृत आहे की नाही हे पाहायचं असेल तर फक्त मंगल फाइल लावायची, बाकीच्याला हात लावायचा नाही. पेरलेलं बी कोणी रोज उकरून पाहतं का, असं तो विचारी, आणि शेतकऱ्यांनी भरलेल्या सभागृहात या प्रश्नाला माना डोलत.

त्याने मंगल फाइल लावली. पडद्यावर समई तेवली. पुन्हा टाळ्या.

मंचाच्या डाव्या अंगाला, लॅपटॉप आणि वायरींच्या गराड्यात बसलेल्या अपेक्षा मनवरने मात्र टाळी वाजवली नाही. पडदा तिचा होता, कॅमेरे तिचे होते, कार्यक्रमाच्या शूटिंगचं काम तिने घेतलं होतं. गुरूच्या माणसाने गावातल्या फोटोग्राफरांना फोन केले तेव्हा सगळ्यांत आधी होकार तिचाच आला होता. तीही आपलंच गिऱ्हाईक आहे हे गुरूला माहीत असायचं काही कारण नव्हतं. ज्यांना डबी विकली त्यांचे चेहरे तो बघतच नसे.

अपेक्षाचा बसस्टँडकडच्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या हंगामात तिच्याकडे एका लग्नावर दुसरं लग्न येऊन आदळतं. कॅमेऱ्याची चार कार्डं, तेवढ्यावर सगळा हंगाम काढायचा. दिवसा शूटिंग, घरी आल्यावर कार्डातला माल कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवर उतरवायचा, फाइलींची नावं ओळीने दिसली, आकार बरोबर दिसला की कार्ड फॉरमॅट, आणि सकाळी पुढच्या लग्नाला. या धंद्यातले बहुतेक असंच करतात. नावं दिसली म्हणजे माल आला. एकेक व्हिडिओ उघडून पाहत बसलं तर नवरी सासरी जाऊन माहेरपणाला परत यायची.

अशाच एका हंगामात तिची जुनी डिस्क भरली आणि तिने ऑनलाइन नवी मागवली. तिच्या घरात बुवा-महाराजांना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. आजोबांनी धम्मदीक्षेनंतर अंगारे-धुपारे बाहेर ठेवले ते तिसऱ्या पिढीपर्यंत बाहेरच होते. पण गुरूची तीच डबी शिकल्यासवरलेल्या गिऱ्हाइकांसाठी साध्या वेषातही विकली जाई. तिथे समई नाही, माळ नाही, गुरू नाही. नुसती काळी डबी, शेजारी पाच चांदण्या आणि खाली हजारो लोकांचे 'मस्त माल' असे अभिप्राय. सगळे अभिप्राय पार्सल फोडल्याच्या दिवशी लिहिलेले होते, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. तिने अगरबत्तीवर विश्वास ठेवला नाही, चांदण्यांवर ठेवला.

आणि त्या डबीत तिने बिजलीबाईचा आवाज घातला.

बिजलीबाई दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यातली. तिथे तिला बिजलीयाडी म्हणत, याडी म्हणजे आई. तांड्यात लग्न ठरलं की नवरीला तिच्याकडे पाठवत, ढावलो शिकायला. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या बंजारा नवरीने एकेकाच्या गळ्यात पडून म्हणायचं गाणं. आईसाठी वेगळं, बापासाठी वेगळं, भावासाठी, मैत्रिणींसाठी, सुटलेल्या घराच्या दारासाठीही वेगळं. ते गातात की रडतात हे बाहेरच्याला कळत नाही, आणि कळू नये असंच ते बांधलेलं आहे. आताच्या मुलींना दोन-तीन ओळी येतात, पुढे स्पीकर लागतो. पूर्ण ढावलो येणारी बिजलीबाई शेवटची.

त्याच तांड्यातली उर्वशी राठोड यवतमाळला नर्सिंग शिकत होती. तिचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरलेलं. आपल्या पाठवणीला स्पीकर नको, ढावलोच पाहिजे, असा तिचा हट्ट होता. तिनेच अपेक्षाला तांड्यात नेलं. बिजलीबाई कॅमेऱ्यासमोर बसली, पदर सावरला, म्हणाली, "अवं पोरी, गळ्यात पडाले कोनी नाई त गावू कशी?" मग उर्वशी शेजारी बसली आणि बिजलीबाईने तिच्या गळ्यात हात टाकून एकेक ढावलो म्हटला. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी अपेक्षाला दारव्ह्याचं लग्न होतं. माल डबीत उतरला, नावं दिसली, कार्डं फॉरमॅट झाली.

दिवाळीनंतर बिजलीबाईला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा गेली.

दवाखान्यातून सुटल्यावर उर्वशी तिला थेट स्टुडिओत घेऊन आली. स्वतःचा आवाज ऐकला तर बिजलीबाईला बरं वाटेल असं उर्वशीला वाटलं, आणि आता तिला ढावलो शिकायचा तर त्या व्हिडिओंवरूनच शिकावा लागणार होता. अपेक्षाने डबी लावली. नावं सगळी होती. ढावलो आईचा, ढावलो बापाचा, ढावलो दाराचा, तिनेच टाइप केलेली. तिने पहिलं उघडलं. काळा चौकोन आला. दुसरं, तेच. शेवटचं, तेच. त्याच डबीतली सुरुवातीची लग्नं मात्र चालत होती, कोणाचा तरी बँड वाजत होता. बिजलीबाईला वाटलं पोरगी चुकीचं बटण दाबतेय. तिने डावा हात उचलून पडद्यावरच्या नावावर टकटक केलं. मग स्वतःच्या ओठांवर. मग पुन्हा नावावर.

अपेक्षा त्या हाताकडे बघत राहिली. त्या दिवशी तिच्या डोक्यात जे शिरलं ते पुढे निघालं नाही.

तिने पेटीवरच्या नंबरला फोन केला. पलीकडच्या बाईचा आवाज मधाचा होता. डबी कोणी ओलांडली का, घरात सुतक होतं का, पाळीच्या दिवसांत कोणी शिवलं का, असं तिने क्रमाने विचारलं. अपेक्षा म्हणाली की हा स्टुडिओ आहे. बाई म्हणाली, मग तर विचारायलाच नको, कोणकोण येत असेल. उपाय एकच, दुसरी डबी मागवायची आणि पहिलीच्या शेजारी ठेवायची. जोडडबीने पहिली सुधारते, आणि रोज भांडारगुरूंचं लाइव्ह पाहायचं. डबीमागचा माणूस कोण, हे अपेक्षाला तेव्हा कळलं.

अपेक्षाने दुसरी डबी मागवली. सुधारण्यासाठी नाही.

तिचा मोठा भाऊ संघदीप दारव्ह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. एका रविवारी तो आला, आणि भावाबहिणीने ती कोरी डबी फोडायची सोडून भरायला घेतली. एकसारख्या आकाराचे व्हिडिओ केले, प्रत्येकात संघदीप पाटीवर एक आकडा लिहून धरत होता आणि तोच आकडा मोठ्याने म्हणत होता. आकडे एकापासून पुढे. डबी कुरकुर न करता घेत गेली. प्रत्येक वेळी 'कॉपी पूर्ण' असं सांगत गेली. मग संघदीप म्हणाला की आता सगळे शेवटापासून उघडायचे. शेवटचा उघडला नाही. त्याच्या आधीचा नाही. मागे येत येत ते जवळजवळ सुरुवातीला आले तेव्हा पडद्यावर संघदीप पाटी धरून दिसला. त्याच्या अलीकडचे सगळे चालत होते, पलीकडचा एकही नाही. हिशेब केला तर चालणारे सगळे मिळून बत्तीस जीबीत मावत होते. सोळा टीबीचा हा पाचशेवा हिस्सा.

"आता तक्रार करू," संघदीप म्हणाला.

"करू. पन आधी मले त्याचा चेहरा पायजे," अपेक्षा म्हणाली. "पैसे नाई, दादा. चेहरा. बिजलीयाडीनं पडद्यावर हात मारला ना, तवा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, थे मले त्याच्या चेहऱ्यावर पायजे."

संघदीपने तिला ओळखून एकच अट घातली, या खेळात दुसऱ्या कोणाचं काही जाता कामा नये. म्हणून तो डोमाजींकडे गेला. कार्यक्रमात पहिली मोकळीक डोमाजींची व्हायची होती. कापसाच्या व्यापारातलं वजनदार नाव, त्यांनी डबी घेतली की बाजार घेणार, असं गुरूच्या माणसाने धरलं होतं. डोमाजींनी आधी ऐकूनच घेतलं नाही. पाटीचे व्हिडिओ पाहिले तेव्हा बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि म्हणाले, "रुईत पानी मारनारे पाह्यले होते. हा त रुईच्या जागी नुसतं पानीच विकून राह्यला." कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांचा फोन स्टुडिओत दोन चांगल्या, वेगवेगळ्या डिस्कवर उतरवला गेला. नातीच्या नाचाचा शेवटचा व्हिडिओ त्यांनी तिथे बसून शेवटपर्यंत पाहिला, तेव्हाच उठले.

तर रविवारी, समई तेवून झाली होती, टाळ्या ओसरल्या होत्या आणि एजंट व्हायचं असणाऱ्यांनी रांग लावावी असं गुरू सांगत होता, तेव्हा अपेक्षाने टेबलावरचा माइक उचलला.

"गुरुजी, एक राह्यलं. डोमाजीकाकांच्या डबीतला शेवटचा व्हिडिओ लावते."

"ताई, मंगल फाइल लावली ना," गुरू हसून म्हणाला.

"ती पहिली. मी शेवटची म्हणते."

"लाव पोरी," डोमाजी म्हणाले. "माही नात नाचून राह्यली त्याच्यात."

पडद्यावर नाव दिसलं. नावाखाली काळा चौकोन आला. तिने त्याच्या आधीचा लावला, त्याच्या आधीचा. काळा, काळा.

गुरू मुरलेला होता. त्याने डोळे मिटले, डबीवर हात ठेवला आणि डोमाजींना हळुवारपणे विचारलं की घरात सुतक वगैरे. डोमाजी नाही म्हणाले. मग मांसाहार?

"काल खाल्लं," डोमाजी म्हणाले. "मंग? फोन माह्या पोटात होता का?"

हशा पिकला, पण सगळ्या हॉलचा नाही. पुढच्या रांगेतली एक बाई जोराने म्हणाली की त्या पोरीचं मशीनच खराब असेल. गुरूने तो धागा पकडला. शूटिंगच्या पावतीवरचं तिचं आडनाव त्याने वाचलेलं होतं. त्याचा आवाज खाली आला, गोड झाला.

"ही ताई कोण, कुठली, आपण विचारलं नाही. आपला स्वभाव नाही तो. पण ज्यांच्या घरात देव्हारा नाही, त्यांच्या हातून डबी जागी कशी राहणार?"

हॉलमध्ये काही माना तिच्याकडे वळल्या. गाव लहान आहे, मनवर आडनाव सगळ्यांना माहीत होतं.

"देव्हारा नाई," अपेक्षा म्हणाली. "प्लग हाय. डबीले तोच लागते." मग ती हॉलकडे वळली. "गुरुजी म्हणतात श्रद्धा कमी पडली. असन. मंग ज्याची श्रद्धा पूर्ण आहे त्याची डबी पाहू. सकाळपासून गुरुजींच्या फोनमधले भक्तांचे अनुभव या पडद्यावर चालू होते. तो फोन माह्या वायरले लागलेला हाय. डोमाजीकाकांचा फोन उतरत होता तवाच गुरुजींच्याच टेबलावरच्या एका डबीचं सील मी सगळ्यांसमोर फोडलं, मंगल फाइल घातली आणि गुरुजींचा अख्खा फोन तिच्यात उतरवला. आता गुरुजींची मोकळीक."

पडद्यावर गुरूच्या फोनची लाल पट्टी आली. खाली प्रश्न आला, सगळं पुसायचं का? तिचं बोट 'हो'वर होतं.



भांडारगुरू भराभर बोलू लागला. गुरूचा फोन वेगळा असतो, त्यात दीक्षेचे मंत्र असतात, गुरूला मोकळीक लागत नाही, तो मोकळाच असतो. मागून कोणीतरी ओरडलं, मंग भेव कायचं? दुसऱ्याने सूर लावला, गुरुजी, मोकळे व्हा. अर्ध्या तासापूर्वी डोमाजींसाठी ज्या चालीवर म्हटलं होतं त्याच चालीवर सगळा हॉल म्हणू लागला, मोकळे व्हा, मोकळे व्हा. काही जण थट्टेने म्हणत होते, काही जण अजूनही भक्तीने. गुरू लॅपटॉपकडे झेपावला. डोमाजींनी त्याचं मनगट धरलं.

"बसा, गुरुजी. लय हलकं वाटते."

दाबायचं नाही, असं भावाबहिणीचं ठरलेलं होतं. त्या फोनमध्ये डब्या कुठून येतात, कोण पाठवतं, कोणाकोणाला विकल्या, सगळं होतं. तो पुसला तर शेकडो माणसांचा पुरावा पुसला जाणार होता. संघदीपने हे तिला पुन्हापुन्हा बजावलं होतं आणि आताही तो पहिल्या रांगेतून मान हलवत होता. हे नुसतं नाटक आहे, असं अपेक्षानेच त्याला सांगितलं होतं. पण आता तिला समोर हॉल दिसत नव्हता. एक डावा हात दिसत होता, पडद्यावरच्या नावावर टकटक करणारा. एवढंसं दाबायचं होतं. या माणसाने हजारो लोकांकडून हेच बोट दाबून घेतलं होतं, हसत हसत, टाळ्यांच्या गजरात. तिला दाबायचं होतं. तिला मनापासून दाबायचं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की तो चेहरा पाहून गुरूचा धीर सुटला.

"ताई, नका दाबू," तो म्हणाला. "त्यात काही राहत नाही."

कॉलरचा माइक चालू होता.

"कायच्यात काय राहत नाई?" अपेक्षाने विचारलं. बोट तिथेच होतं.

"डबीत. बत्तीसच्या वर काही राहत नाही. नाव राहतं फक्त. माझा सगळा धंदा आहे त्या फोनात, ताई. नका दाबू."

चेहरा तिला मिळाला. बिजलीबाईच्या चेहऱ्यासारखा तो नव्हता. तिथे कोडं होतं, इथे नुसती भीती होती. तिने बोट उचललं, पण उचलायला वेळ लागला.

हे सगळं गुरूच्याच स्टँडवरच्या दुसऱ्या फोनमधून लाइव्ह गेलं. तो बंद करायचं कोणाला सुचलंच नाही.

डोमाजींनी खिशातून अडकित्ता काढला आणि सुपारी फोडावी तशी आपली डबी फोडली. आतून फोनमध्ये घालतात तसलं नखाएवढं एक कार्ड निघालं, डिंकाने चिकटवलेलं. शेजारी एक लोखंडी नट, डबीला वजन यावं म्हणून. बाकी पोकळ. संघदीपने तो नट तळहातावर ठेवून पहिल्या रांगेतून फिरवला. मशीन खराब आहे म्हणणाऱ्या बाईने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

संघदीपने मग माइक घेतला. तो वर्गात बोलतो तसाच बोलला. समजा, एका गोदामाच्या दारावर पाटी आहे, दहा हजार पोत्यांची जागा. आत जागा आहे वीस पोत्यांची. तुम्ही पोतं आणता. दारातला माणूस तुमचं नाव, पोत्याचं वजन खडूने भिंतीवर लिहितो. हमाल पोतं आत नेतो. पहिली वीस आत राहतात. एकविसावं तो मागच्या दाराने नाल्यात टाकतो. पण नाव भिंतीवर आहे, वजन बरोबर आहे. तुम्ही रोज येऊन भिंत वाचून जाता. मागायला याल त्या दिवशी कळेल. डबीचं तेच आहे. आपण किती मोठे हे कॉम्प्युटरला डबी स्वतःच सांगते आणि कॉम्प्युटर मान्य करतं. खोटं बोलायला तिला शिकवलेलं आहे, एवढाच चमत्कार. समई नेहमी का तेवते? कारण ती पहिल्या वीस पोत्यांतली आहे. मोकळीक का पाहिजे? कारण मूळ माल पुसला की ताडून पाहायला काही उरत नाही, आणि तोवर अभिप्राय लिहून झालेला असतो. काही डब्या तर याहून वाईट, त्या नवं पोतं जुन्याच्या जागी ठेवतात आणि जुनं फेकतात.

मग तो म्हणाला, "देव माना, नका मानू, तो तुमचा प्रश्न. पण जे विकत घेतलं ते तपासायला कोणी मनाई करत असेल, तर तपासायचं नेमकं तेच आहे. बाजारात इतक्या जागेची वस्तू ज्या भावाला मिळते त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या भावात कोणी देत असेल, तर काहून देतो, हे विचारा. आणली की आधी कामाची नसलेली वस्तू ठेवून ती तोंडापर्यंत भरा. मग शेवटची फाइल उघडा. पहिली नाही, शेवटची. ती शेवटपर्यंत पाहा. तोवर मूळचं काही पुसू नका. कापसाच्या गाडीत हात खोल घालून बोंड काढून पाहता ना? तसाच इथेही घाला."

मग मागच्या आजीबाई उठल्या आणि त्यांनी कोणालाच उद्देशून नसल्यासारखं विचारलं, माझ्या नवऱ्याचे फोटो त्यात घातलेत, ते पहिल्या विसात असतील का? दुसऱ्या दिवशी स्टुडिओपुढे रांग लागली ती हेच पाहायला. काहींचं निघालं. बहुतेकांचं नाही.

भांडारगुरूवर फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. फोन ठाण्यात जमा आहे, न पुसलेला. तो स्वतः जामिनावर बाहेर आहे. डब्या नेमक्या कोण बनवतं, याचा तपास चालू आहे. गेल्या आठवड्यात तीच डबी दुसऱ्या नावाने, निळ्या रंगात पुन्हा विक्रीला आली. पाच चांदण्या आहेत. अपेक्षाने खाली एक चांदणी देऊन काय होतं ते लिहिलं. संध्याकाळी ते काढून टाकलेलं होतं. तिने परत लिहिलं. हे रोज चालू आहे. ती कंटाळेल असं दिसत नाही.

बाकी राहिलं बिजलीबाईचं.

ढावलोची चारही कार्डं नंतरच्या लग्नांत वापरली गेली, असं अपेक्षा धरून चालली होती. या प्रकरणानंतर स्टुडिओ आवरताना कॅमेऱ्याच्या जुन्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक कार्ड सापडलं. हे कार्ड कॅमेऱ्यात नीट बसत नाही म्हणून तिने त्याच हंगामात बाजूला टाकलं होतं आणि मग विसरून गेली होती. फॉरमॅट केलेलं, पण त्यावर नंतर काहीच न घेतलेलं. संघदीप ते पाहून खुर्चीतून उठलाच. फॉरमॅट केल्याने भिंतीवरची नावं पुसली जातात, पोती लगेच हलत नाहीत. डबीत नावं होती, माल नव्हता. या कार्डावर नावं नाहीत, माल कदाचित असेल.

कार्ड नागपूरला, पुसलेला माल परत काढणाऱ्या एका माणसाकडे गेलं. काल त्याचा फोन आला. थोड्या फाइली निघाल्या आहेत. चित्र फाटलेलं आहे. एकीत आवाज आहे, एका बाईचा.

"ढावलो हाय का?" अपेक्षाने विचारलं.

"मले थे बोली नाई येत, मॅडम," तो म्हणाला. "रडून राह्यली का गाऊन राह्यली, समजत नाई."

फोनवर ऐकवू का, असंही त्याने विचारलं. अपेक्षा नको म्हणाली. ते ओळखू शकेल असं एकच माणूस आहे आणि पहिल्यांदा त्याच माणसाने ऐकायला हवं. दोन वेगळ्या डिस्कवर घ्या, दोन्ही शेवटपर्यंत ऐका आणि मगच पाठवा, एवढं तिने सांगितलं.

उर्वशी बिजलीबाईला घेऊन सकाळपासून स्टुडिओत बसली आहे. पार्सल आजच्या बसमध्ये आहे. बसने यवतमाळ सोडल्याचा ड्रायव्हरचा फोन आला. बस अजून दिग्रसला पोचलेली नाही.